आजींचे धवले आणि काळी खिडकी

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण. बोलले तसंच छापलं आहे.)

मी कामोठ्याहून बोलते आहे. बचतगटांची समन्वयक आहे, बी.ए. झालेली आहे, आणि कॉम्प्युटरचं माझं ज्ञान म्हणाल तर गटांची कर्जखाती एक्सेलमध्ये भरण्यापुरतं. तेव्हा आज जे सांगणार आहे ते कुणा इंजिनिअरनं सांगितलेलं नाही, चूक करून शिकलेल्या बाईनं सांगितलेलं आहे, एवढं धरून ऐका.

विषय असा, की आपण मोबाईलवर जे रेकॉर्डिंग करतो, आवाजाचं असो की व्हिडिओचं, ते कापायचं कसं आणि तुकडे जोडायचे कसे. तुम्ही म्हणाल, हा काय बचतगटाचा विषय? पण आपल्या मोबाईलमध्ये काय काय पडलंय ते आठवून बघा. ग्रामसभेचं दोन तासांचं रेकॉर्डिंग, ज्यात आपल्या पाण्याच्या प्रश्नावर झालेली चर्चा फक्त सहा मिनिटं आहे. प्रशिक्षणाला आलेल्या बाईंचं बोलणं, जे न आलेल्या सगळ्याजणींना ऐकवायचंय. मसाल्याचा व्हिडिओ, ज्यात मधेच कुणीतरी "अगं गॅस बंद कर" म्हणून ओरडलंय. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज. हे सगळं आपण साठवतो आणि पुन्हा कधी ऐकत नाही, कारण तीन तासांतलं हवं ते सापडत नाही.

माझी सुरुवात त्या शेवटच्या प्रकारानं झाली. कामोठं म्हटलं की लोकांना सेक्टर, इमारती आणि मानसरोवर स्टेशन आठवतं. पण त्या इमारतींच्या मधे कामोठे गाव आहे, आगरी लोकांचं, एके काळी भातशेतीचं. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यात हे गाव. शेतं गेली, इमारती आल्या, २०१६ मध्ये पनवेल महापालिका आली. राहिलं ते बाहेरून दिसत नाही, ऐकू येतं. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. एकेक विधी होत जातो तसतसं तिचं गाणं पुढे सरकतं, आणि पूर्वी कितीतरी लग्नं तिच्या धवल्यांवरच लागत. हे सगळं तोंडपाठ. कुठे लिहिलेलं नाही, आणि शिकायला बसलेल्या मुली फार थोड्या.

आमच्या एका गटातल्या ताईंच्या चुलतसासूबाई धवलारीण आहेत. वय ऐंशीच्या पुढे. घरात लग्न निघालं, तेव्हा आम्ही ठरवलं की आजींचं रेकॉर्डिंग करायचं आणि बारा मिनिटांचा कार्यक्रम करून रेडिओला द्यायचा. हळदीच्या आदल्या दुपारी माझा मोबाईल आजींसमोर पाटावर ठेवला. दोन तास पन्नास मिनिटं. त्यात धवले आहेत, कुकरच्या शिट्ट्या आहेत, "चहा घ्या गं" आहे, आणि मधे मधे आजींचं बोलणं. जमीन गेली त्याबद्दल, जुन्या घराबद्दल, आणि एक गोष्ट त्यांच्या मुलीच्या संसाराची. ती सांगून झाल्यावर आजींनी माझ्याकडे बघून स्पष्ट सांगितलं की हे लावायचं नाही. मी म्हटलं, नाही लावणार.

घरी येऊन मी मोबाईलवर एक फुकटचं ॲप उतरवलं. बोटानं रेघ सरकवायची, हवा तो भाग धरायचा, सेव्ह म्हणायचं. पहिला अर्धा तास धरला आणि सेव्ह केलं. ॲपनं तो अर्धा तास मूळ फाईलवरच चढवला. उरलेले दोन तास वीस मिनिटं गेली. मी कचऱ्याच्या डब्यात शोधलं, मेमरी कार्डात शोधलं, मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे नेला. गेलं ते गेलं. आणि जो अर्धा तास वाचला, त्यातही आजींचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा झाला होता, कारण ॲपनं तो पुन्हा दाबून बारीक केला होता.

ॲपला दोष देऊन मी मोकळी होऊ शकले असते. पण सेव्ह म्हणताना त्यानं एक प्रश्न विचारला होता, आणि तो न वाचता मी हो म्हटलं होतं. कर्जाच्या कागदावर न वाचता अंगठा देऊ नका असं दर महिन्याच्या बैठकीत सांगणारी मी.

आजींच्या घरी जाऊन हे सांगायला मला चार दिवस लागले. सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं पाणी दिलं. त्यांच्या सूनबाईंनीच वाट दाखवली. म्हणाल्या, धाकटीनं तिच्या मोबाईलवर काहीतरी घेतलंय. पाहिलं तर खरंच, त्या घरातल्या मुलीनं धवले आवडले म्हणून मधले मधले तुकडे व्हॉट्सअपच्या व्हॉइस मेसेजवर मैत्रिणीला पाठवले होते. सात तुकडे, सगळे मिळून बावन्न मिनिटं. सगळं नव्हतं, पण होतं.

आता माझ्याकडे एका मोबाईलचा अर्धा तास, दुसऱ्या मोबाईलचे सात तुकडे, आणि ॲपची धास्ती. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी डिप्लोमाला आहे. ती म्हणाली, ताई, ॲप सोडा, कमांडनं करू. तिनं तिच्या जुन्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली. ना चित्र, ना बटण, नुसती चमकणारी एक रेघ. मला पहिल्यांदा बँकेच्या कॅशियरच्या खिडकीसमोर उभी राहिले होते तो दिवस आठवला. काय बोलायचं ते माहीत नाही, आणि चुकलं तर मागचे हसतील.

त्या खिडकीत चालणारी जी वस्तू तिनं मला दाखवली, तिचं नाव एफएफएमपेग. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच माणसानं २००० साली सुरू केली, पुढे जगभरातल्या लोकांनी मिळून वाढवली. फुकट आहे, आणि आतला सगळा मजकूर कुणालाही बघायला खुला. नावातलं एफएफ म्हणजे फास्ट फॉरवर्ड, आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर असायचं तेच बटण. व्हीएलसी प्लेअर आपल्यापैकी कित्येकींच्या कॉम्प्युटरवर असेल, त्याच्या पोटात हिचाच भाग आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत नासाची पर्सिव्हरन्स गाडी मंगळावर उतरली, त्या उतरण्याचे व्हिडिओ सांभाळायलाही हीच होती. मंगळावर चालते तर कामोठ्यात चालेल, एवढा माझा हिशेब.

आता खरं काम. आधी एक गोष्ट समजून घ्या, मग पुढचं सोपं आहे. एमपी थ्री, एमपी फोर, एम फोर ए ही जी नावाच्या शेवटची अक्षरं असतात, तो बहुतेक वेळा नुसता डबा असतो. डब्यात आत काय आहे, म्हणजे आवाज कुठल्या पद्धतीनं दाबून भरलाय, चित्र कुठल्या पद्धतीनं, ते वेगळं. मोबाईलवरचं ॲप काय करतं? डब्यातलं सगळं बाहेर काढतं, पुन्हा गरम करतं आणि दुसऱ्या डब्यात भरतं. भाजी दोनदा, तीनदा गरम केली की काय होते ते आपल्याला माहीत आहे. आवाजाचं तसंच. दर वेळी थोडा थोडा जातो. एफएफएमपेगला मात्र सांगता येतं की गरम करू नकोस, आहे तशीच हवी तेवढी उचल आणि दुसऱ्या डब्यात ठेव. याला शब्द आहे कॉपी. म्हणूनच तासाभराचं रेकॉर्डिंग दोन-चार सेकंदांत कापून होतं, जुन्यातल्या जुन्या लॅपटॉपवरसुद्धा, कारण यंत्राला काही शिजवायचंच नसतं.

कमांड मी तोंडी सांगते. कागद-पेन्सिल घ्या. टाईप करताना सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, आकडेही इंग्रजी. प्रत्येक गोष्टीनंतर एक जागा सोडायची. डॅश म्हणजे आडवी छोटी रेघ, तिच्यानंतर मात्र जागा सोडायची नाही, अक्षर लगेच.

पहिला शब्द एफएफएमपेग. एफ, एफ, एम, पी, ई, जी. मग डॅश आय, म्हणजे ही घे आत. मग मूळ फाईलचं नाव, समजा धवले डॉट एम फोर ए. मग डॅश एसएस, आणि कुठून कापायचं ती वेळ, तास, मिनिटं, सेकंद, मधे दोन टिंबं. म्हणजे साडेबाराव्या मिनिटापासून हवं तर शून्य शून्य, दोन टिंबं, बारा, दोन टिंबं, तीस. मग डॅश टीओ, टी आणि ओ, आणि कुठपर्यंत ती वेळ, त्याच पद्धतीनं. मग डॅश सी, मग कॉपी. आणि शेवटी नव्या तुकड्याचं नाव, धवले एक डॉट एम फोर ए. एंटर. झालं.

नावांबद्दल एक. फाईलच्या नावात जागा सोडू नका, मराठी अक्षरं नको, कंस नको. साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे. "आजी हळद नवीन फायनल दोन" अशी नावं आपण देतो, ती माणसाला कळतात, जोडताना खिडकीला अडतात.

आणि हे लक्षात घ्या, की शेवटी जे नाव लिहिलं ती नवी फाईल. मूळ फाईल जशीच्या तशी राहते. मी मुद्दाम दोन्हीकडे एकच नाव लिहून पाहिलं, काय करते बघू म्हणून. तिनं साफ नकार दिला. ज्या फाईलमधून वाचायचं तिच्यावरच लिहिणार नाही, असं उत्तर आलं. मला त्या क्षणी ती काळी खिडकी आवडायला लागली. पण गाफील राहू नका. नव्या तुकड्याला आधीच्या दुसऱ्या तुकड्याचं नाव दिलंत, तर ती विचारते, त्यावर लिहू का? तिथे वाय दाबलंत तर ती लिहिणार. आणि वाय दाबायच्या आधी वाचायचं, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पूर्वी आकाशवाणीत स्पूलची टेप ब्लेडनं तिरकी कापत आणि चिकटपट्टीनं जोडत. तिथे कापलं ते मूळच कापलं. आपलं तसं नाही, तर या सोयीचा फायदा घ्यायचा.

आता जोडणं. त्यासाठी आधी एक यादी लागते. नोटपॅड उघडा. दर ओळीवर इंग्रजीत फाईल हा शब्द, एफ आय एल ई, जागा, आणि तुकड्याचं नाव, एकेरी अवतरणचिन्हांत. जो तुकडा आधी हवा तो वर. ही यादी लिस्ट डॉट टीएक्सटी म्हणून तुकड्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवा. मग काळ्या खिडकीत, त्याच फोल्डरमधून: एफएफएमपेग, डॅश एफ, कॉनकॅट, म्हणजे सी ओ एन सी ए टी, मग डॅश आय, लिस्ट डॉट टीएक्सटी, मग डॅश सी, कॉपी, आणि नव्या फाईलचं नाव. यादीत लिहिलं त्या क्रमानं तुकडे एकापुढे एक लागतात.

इथे माझी दुसरी चूक. धाकटीच्या मोबाईलवरचे तुकडे व्हॉट्सअपच्या व्हॉइस मेसेजचे. त्यांचा आवाज वेगळ्या पद्धतीनं भरलेला असतो, ओपस म्हणतात तिला. माझ्या मोबाईलचा वेगळ्या. कॉपी म्हटलं की खिडकी गरम करत नाही, म्हणजेच ती दोन वेगळ्या गोष्टींचा मेळही घालत नाही. तेव्हा आधी ते सात तुकडे माझ्या फाईलसारखे करून घ्यावे लागले. त्यासाठी कॉपी लिहायचं नाही. एफएफएमपेग, डॅश आय, जुना तुकडा, आणि शेवटी नवा तुकडा डॉट एम फोर ए, बस. मी तसं केलं, जोडलं, वाजवलं, तर पहिला भाग बरा आणि धाकटीचा भाग आला की आजींचा आवाज जाडा आणि सुस्त, झोपेतून उठल्यासारखा. मुलगी हसली. म्हणाली, ताई, माप वेगळं राहिलं. आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे याचं एक माप असतं. माझ्या फाईलचं ४४१००, त्या तुकड्यांचं ४८०००. मधे डॅश एआर आणि ४४१०० लिहायचं होतं, आणि डॅश एसी आणि १, म्हणजे आवाजाची वाहिनी एक. आपल्या फाईलचं माप काय ते बघायला एफएफप्रोब नावाची धाकटी बहीण बरोबरच येते. एफएफप्रोब, जागा, फाईलचं नाव, की सगळं सांगते. शिवताना दोन्ही कापडं आधी धुवून आटवून घेतो ना, तेवढंच हे.

हे तुकडे एकदा गरम झालेच, त्याला इलाज नव्हता. पण एकदाच.

आता मला खरं सांगायचंय ते वहीचं. कापायच्या आधी मी कानाला इअरफोन लावून सगळं ऐकलं आणि गटाच्या जुन्या वहीत रकाने आखले. कुठल्या फाईलमध्ये, कुठून, कुठपर्यंत, काय आहे, ठेवायचं का, आणि का. दोन संध्याकाळी गेल्या. पण मग कमांड लिहायला वेळ लागला नाही, कारण वेळा वहीतून उतरवायच्या होत्या. प्रत्येक कमांडही मी त्याच वहीत उतरवून ठेवली. ॲपमध्ये बोटानं रेघ सरकवली की काय केलं त्याचा मागे पुरावा नाही. इथे एकेक ओळ लेखी. कुणीही वही उघडून विचारू शकतं, ताई, बाराव्या मिनिटाला काय काढलंत, आणि का? आपल्या इतिवृत्ताच्या वहीसारखंच. ठराव झाला, सह्या झाल्या, कुणी नंतर म्हणू शकत नाही की असं ठरलंच नव्हतं.

हे इतकं का लावून धरते, तर कापाकापी साधी गोष्ट नाही. वाचलेल्या अर्ध्या तासात आजी म्हणाल्या आहेत की जमीन गेली तेव्हा आम्ही रडलो नाही. मग कुकरची शिट्टी. मग, रडलो ते जुनं घर पाडलं तेव्हा. मी शिट्टी काढायला म्हणून पहिल्या वाक्यानंतर कापलं आणि पुढचा तुकडा धवल्याचा जोडला. ऐकायला सुरेख झालं. आजी म्हणतात, जमीन गेली, आम्ही रडलो नाही, आणि लगेच लग्नाचं गाणं. जणू आनंदच झाला होता. एक शब्द खोटा नाही, आणि सगळंच खोटं. सुदैवानं वही लिहिताना "का" या रकान्यात काय लिहू म्हणून अडले आणि माझंच मला कळलं. शिट्टी ठेवली.

ग्रामसभेच्या रेकॉर्डिंगचं तर याहून जपायला हवं. सरपंच काय म्हणाले त्याचे अर्धे तुकडे जोडून गटात फिरवले, तर पुढच्या सभेला आपली खरी तक्रारही कुणी ऐकणार नाही. तुकडा पाठवायचा असेल तर वाक्य पूर्ण होईपर्यंत, आणि मूळ रेकॉर्डिंग कुणी मागितलं तर दाखवता येईल असं. दोन तासांचं रेकॉर्डिंग नुसते समान भाग करून हवं असेल, तर त्यालाही कमांड आहे: एफएफएमपेग, डॅश आय, फाईल, डॅश एफ, सेगमेंट, डॅश सेगमेंट अंडरस्कोर टाईम, ६००, डॅश सी, कॉपी, आणि नाव म्हणून पार्ट, लगेच टक्क्याचं चिन्ह, शून्य तीन डी, डॉट आणि तुमच्या फाईलची शेवटची अक्षरं. ६०० सेकंद म्हणजे दहा मिनिटांचे तुकडे पडतात, क्रमांक घालून. अर्थात यात वाक्य मधेच तुटतं, तेव्हा हे ऐकायला सोपं जावं म्हणून, पाठवायला नाही.

व्हिडिओ कापताना एक अडचण येते, ती सांगून ठेवते. आवाज बारीक बारीक चकत्यांत भरलेला असतो, एमपी थ्रीची एक चकती साधारण सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढी, त्यामुळे कुठेही कापलं तरी कानाला कळत नाही. व्हिडिओत मात्र प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. दर थोड्या वेळानं एक पूर्ण चित्र, आणि मधे फक्त काय बदललं त्याची नोंद. कॉपी म्हणून मधल्या जागी कापलंत, तर सुरुवातीला चित्र गोठतं किंवा काळं दिसतं आणि आवाज चालू असतो. तेव्हा घाबरू नका, बिघडलेलं नाही. सुरुवातीची वेळ दोन-तीन सेकंद अलीकडे घेऊन पाहा. तरी जमलं नाही आणि अगदी त्याच जागी हवं असेल, तर डॅश सी कॉपी गाळा, म्हणजे तो तुकडा नव्यानं शिजेल. वेळ लागेल, थोडं सत्त्व जाईल, पण मसाल्याच्या व्हिडिओला तेवढं चालतं. आणि पाठवताना व्हॉट्सअपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते पुन्हा दाबतं आणि आपली सगळी मेहनत पाण्यात.

लॅपटॉप नसेल तर? अँड्रॉइड मोबाईलवर टर्मक्स नावाची काळी खिडकी मिळते. तिच्यात पीकेजी, इन्स्टॉल, एफएफएमपेग असं लिहिलं की उतरतं, आणि कमांड त्याच. बोटानं टाईप करायला कटकट आहे, पण होतं. एकदा उतरवलं की पुढे नेट लागत नाही. ज्या वाडीत रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं तिथे याची किंमत कळेल. आणि आणखी एक. आवाज कापून देणाऱ्या वेबसाईटही असतात, फाईल चढवा, कापून परत घ्या. आजींच्या मुलीच्या संसाराची गोष्ट मी कुणा परक्याच्या कॉम्प्युटरवर चढवणार होते का? गटात बायका काय काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. ते घराबाहेर न जाता कापता आलं पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात बायकांचे आवाज जपण्याचं एक फार मोठं काम झालेलं आहे, ते या निमित्तानं सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून सुरू केलेलं, जात्यावरच्या ओव्यांचं. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावांतून. बर्नार्ड बेल यांनी त्याची संगणकावर नोंद बसवली. कुणी गायली, कुठल्या गावात, कशाबद्दल, हे सारं ओवीबरोबर आहे, आणि २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला-वाचायला मिळतात. नुसत्या टेपा कपाटात राहिल्या असत्या तर त्यातली आपल्या आजीची ओवी कुणाला सापडली असती? नोंद होती म्हणून सापडते. रेडिओचंही तसंच. २००६ साली सरकारनं स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी खुली केली, आणि २००८ मध्ये साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला, तेलंगणातल्या माचनूरला संघम रेडिओ. बायका स्वतः बोलतात, स्वतः रेकॉर्ड करतात, स्वतः कापतात. दुसऱ्याच्या हातात कात्री असली की आपलं बोलणं त्याच्या मापाचं होतं.

तर आमचे बारा मिनिटं तयार झाले. अकरा तुकडे. मुलीच्या संसाराची गोष्ट नव्हतीच, ती हरवलेल्या भागात गेली. खरं सांगू, ते एक बरं झालं असं मी मनात म्हटलं, आणि मग स्वतःचाच राग आला. ती आजींची होती, ठेवायची की पुसायची ते त्यांनी ठरवायचं होतं. उरलेल्या मूळ फाईल आम्ही पेनड्राइव्हवर घालून त्यांच्याच घरी दिल्या आहेत, सूनबाईंच्या डब्यात, दागिन्यांच्या पावत्यांजवळ. गटाकडे फक्त कार्यक्रम आणि वही.

रेडिओला द्यायच्या आदल्या दिवशी आजींना ऐकवायला नेलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. सातव्या तुकड्याशी हात वर केला. म्हणाल्या, इथे मी थांबले होते. दोन कडव्यांच्या मधे मी श्वास घ्यायला आणि आठवायला थांबते, माझी आईही थांबायची. ते तू काढलंस. मला वाटलं होतं नुसती शांतता आहे, वेळ वाया जातोय. बारा मिनिटांत बसवायचं होतं ना.

वही उघडली. सातव्या ओळीवर शेवटची वेळ एकवीस मिनिटं चार सेकंद. ती एकवीस मिनिटं नऊ केली, कमांड पुन्हा दिली, यादी तीच, जोडायची कमांड तीच. लॅपटॉप मांडीवर, आजी शेजारी, एक मिनिटही लागलं नाही. बारा मिनिटं पाच सेकंद झाले. रेडिओच्या ताईंनी पाच सेकंद चालवून घेतले.

पुढच्या महिन्यात आजींकडे पुन्हा गेलो होतो, गेलेले धवले परत मिळतात का बघायला. दम टिकत नाही आता, दोनच गाऊन झाले. त्या वेळी तीन मोबाईल मांडले होते.